आधी डेस्कटॉप रिकामा करा

गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, घरातूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणपतीत मंडळांच्या पावत्या. पौषात लग्नं नसतात, पण माघातल्या मुहूर्तांच्या पत्रिका पौषातच टाईप होतात. हे ठाऊक असूनही जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुलाला घरी बोलावलं. विंडोज ७ ला मिळणारी सुरक्षेची अपडेट १४ जानेवारीला बंद होणार होती. तारीख जवळ आली तशी मी घाबरले होते.

मुलगा कामाला चांगला होता. कॅबिनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "काकू, रॅम वाढवूया, आठ जीबी करू. मग चौसष्ट बिटचं विंडोज १० टाकायला लागंल. सी फॉरमॅट मारतो, डीला हातच लावत नाही. तुमचं काम सगळं डीलाच असंल की."

"डीलाच आहे," मी म्हणाले.

आणि मला ते खरंच वाटत होतं. कॉम्प्युटर सुरू केल्यावर समोर जो पडदा दिसतो तो डेस्कटॉप, तिथे ठेवलेली फाईल सीमध्येही नसते आणि डीमध्येही नसते, अशी माझी समजूत होती. नंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांची हीच समजूत निघाली. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हेही एरवी तिथेच. सी पुसला की हे सगळं पुसलं जातं. त्या मुलाने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं, म्हणून पुढे जे झालं त्याचा दोष मी त्याला देत नाही.

माझ्या डेस्कटॉपवर 'तालीम फायनल' नावाचा फोल्डर होता. पेठेतल्या एका जुन्या तालमीची स्मरणिका निघणार होती आणि दिवाळीपासून तिचं काम माझ्याकडे होतं. जुने पैलवान आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायचे, चहा घेता घेता बोलायचे. मी मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि रात्री जेवणं आटोपली की टाईप करायला बसायची. त्यांतले एक वस्ताद चौऱ्याऐंशी वर्षांचे. खासबागेतल्या कुस्त्या, थंडाई कशी घोटायची, नव्या पोराला पहिल्या दिवशी काय करायला लावायचं, सगळं त्यांनी सांगितलं. हौद्यातली माती कशी तयार करायची हे सांगायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. इतक्या पाट्या माती असेल तर ताक किती, हळद किती, लिंबं किती, तेल कधी घालायचं, माती किती दिवस वरखाली करायची. मोबाईल भरला म्हणून ती सगळी रेकॉर्डिंग मी त्याच फोल्डरमध्ये टाकली आणि मोबाईलमधून काढून टाकली. मार्गशीर्षात वस्ताद गेले.

संध्याकाळी साडेसातला काम संपलं. कॉम्प्युटर कधी नव्हे इतका झटपट सुरू झाला. मी समाधानाने डीमधली एक पत्रिका उघडली. जिथे 'श्री अंबाबाई प्रसन्न' असायला हवं होतं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण आणि उलटे स्वल्पविराम यांची रांग होती. फॉन्ट पुन्हा टाकायला गेले तर मराठी सॉफ्टवेअरचं लॉक, ते पेनड्राइव्हसारखं दिसतं ते, नवं विंडोज ओळखेना. प्रिंटरचाही ड्रायव्हर बसेना. दोन्हींचे ड्रायव्हर जुने, बत्तीस बिटचे होते आणि चौसष्ट बिटच्या विंडोजवर बत्तीस बिटचा ड्रायव्हर चालतच नाही. बत्तीस बिटचं विंडोज चार जीबीच्या पुढची रॅम वापरू शकत नाही, म्हणून तर त्या मुलाने चौसष्ट बिटचं टाकलं होतं. त्याच्या हिशेबाने तो बरोबर होता. या घरात कोणतं लॉक आणि कोणता प्रिंटर आहे, हे मी त्याला दाखवायला हवं होतं.

रात्री अकराला मला तालमीचा फोल्डर आठवला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा धावत आला, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. काही फायलींची नावं परत आली, पण एकही फाईल उघडेना. नवं विंडोज नेमकं त्याच जागेवर लिहिलं गेलं होतं, वर आम्ही रात्रभर त्यावर फॉन्ट आणि ड्रायव्हर टाकत बसलो होतो. असा प्रसंग कुणावर आलाच तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे बंद करा आणि त्यावर नवीन काहीही टाकू नका. साधी हार्ड डिस्क असेल तर जाणकाराला त्यातून काही काढता येण्याची शक्यता राहते. एसएसडी असेल तर ती आशाही फार कमी.

पत्रिकांचं काम निभावलं. ओळखीच्या प्रेसमध्ये चार दिवस बसून मी त्या पुन्हा केल्या. स्मरणिकेचा तेवढा एक प्रूफ कपाटात सापडला, तालमीच्या सेक्रेटरींनी लाल पेनाने दुरुस्त्या केलेला. तो समोर ठेवून मी एकतीस पानं परत टाईप केली. वस्तादांचा मजकूर त्या प्रूफनंतर टाईप केलेला होता.

आता त्या विचित्र अक्षरांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठी घरांतला हा मोठा धोका आहे आणि तो कुणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतेच. आत इंग्रजीच अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'के'च्या जागी काना बसवलेला आहे. फॉन्ट गेला की काना जातो आणि 'के' उरतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि तो कोल्हापुरातल्या कॉम्प्युटरवरही तोच आणि अमेरिकेतल्या मोबाईलवरही तोच. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट आयता मिळतो, तरीही पत्रिकांच्या धंद्यात आम्ही जुन्याच फॉन्टला धरून राहिलो. ज्या पेजमेकरवर आमची पिढी शिकली, त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही.

म्हणून घरात कुणी वीस वर्षांपूर्वी टाईप केलेलं काही असेल, आजोबांच्या आठवणी, वंशावळ, आईच्या कविता, तर विंडोज बदलण्याआधी ते युनिकोडमध्ये करून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण फॉन्ट कोणता होता ते नेमकं ठाऊक हवं, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. रूपांतर झाल्यावर डोळ्यांखालून घालायलाच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. त्यामुळे 'धर्म'चा 'धमर्' झालेला सापडतो. मी आमची आडनावं, गावांची नावं आणि तारखा पहिल्यांदा तपासते. त्याच दिवशी जुन्या कॉम्प्युटरवरच पीडीएफही करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, तो बसला आहे ना हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मग निदान वाचता तरी येतं.

२०२५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. या खेपेला मी घाबरले नाही, कारण पुराची सवय असलेल्या गावात राहते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. सुतारवाड्यातली माणसं ४३ ची वाट बघत बसत नाहीत. आधीच कागदपत्रं, दागिने, पोरांची पुस्तकं वर जातात, मग गादी, मग भांडी. कपाट राहिलं तर राहिलं. कॉम्प्युटरचंही मी तसंच केलं. मे महिन्यात एक वही घेतली आणि डाव्या पानावर काय परत मिळणार नाही ते लिहिलं, उजव्या पानावर काय पुन्हा टाकता येतं ते. विंडोज, ऑफिस, ब्राउझर उजवीकडे. फोटो, रेकॉर्डिंग, गिऱ्हाइकांच्या फायली, फॉन्ट, पासवर्ड डावीकडे. डावं पान दोन ठिकाणी उतरवलं. एक बाहेरची हार्ड डिस्क, ती बहिणीच्या घरी. दुसरं गुगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी फुकट मिळते आणि मजकुराच्या फायलींना तेवढी पुष्कळ होते. उतरवलेल्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्या. हे बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं समजू नका.

मग प्रश्न उरतो, बदलायचं की नाही. माझं मत सांगते. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, मेल बघता, मुलांचे प्रवेश अर्ज भरता, त्यावर अपडेट बंद झालेली सिस्टीम ठेवू नका. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' नावाचं ॲप हे तपासून देतं. बसत असेल तर वरच्या वर अपग्रेड करा, फॉरमॅट मारून नको. वरच्या वर केलेल्या अपग्रेडमध्ये फायली जागेवर राहतात आणि पटलं नाही तर दहा दिवसांत मागे जाता येतं. फॉरमॅट मारला की ती वाट बंद.

बसत नसेल, तर दुकानात "बायपास मारून देतो" असं सांगणारे भेटतील. मी नको म्हणाले. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. त्यापेक्षा घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव अपडेट मिळण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसे पडत नाहीत. तेवढ्या वेळात नव्या मशीनचे पैसे बाजूला टाकता येतात. नुसतं ब्राउझिंग आणि पत्रलेखन असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट चांगलं चालतं, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात असतो.

माझ्या मुलाचा लॅपटॉप मी विंडोज ११ वर नेला. रविवारी सकाळी, यूपीएस लावून, मार्चअखेर आणि लग्नसराई दोन्ही टाळून. त्याआधी डिस्कच्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की वहीत उतरवून घेतली. ही गोष्ट विसरू नका. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि कधी की मागितली आणि ती जवळ नसली तर आपल्याच फायली आपल्याला मिळत नाहीत.

माझा जुना टॉवर मात्र मी बदलला नाही. त्यावर पुन्हा बत्तीस बिटचं विंडोज ७ आहे, लॉक आहे, पेजमेकर आहे, जुना प्रिंटर आहे. त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे. त्यात लावायचा पेनड्राइव्ह वेगळा आहे आणि तो आधी लॅपटॉपवर तपासला जातो. सगळ्या जुन्या फायली युनिकोडमध्ये होईपर्यंत हा टॉवर असाच राहील. सहाशेच्या वर झाल्या आहेत, अजून बऱ्याच आहेत.

करोनामुळे लांबलेली स्मरणिका २०२२ मध्ये निघाली. वस्तादांचा फोटो पूर्ण पानभर आहे, खाली नाव आणि चार ओळी. तालमीत हौद्याची माती बदलायची वेळ आली की पोरं अजून माझ्याकडे येतात, "काकू, वस्तादांनी काय सांगितलं होतं?" ताक, हळद, लिंबू, तेल, एवढं मी सांगते. प्रमाण मला आठवत नाही.