रेडियल टायर : बाहेरून नवा, आतून सुटलेला

टायर, पंक्चर आणि वाहनदुरुस्ती या धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. रोज हाताखालून जाणारा टायर आतून कसा घडतो आणि का फुटतो, हे ठाऊक असेल तर गिऱ्हाइकाचा जीव आणि आपली रोजी दोन्ही सुरक्षित राहतात. म्हणून या वेळी आम्ही मोटारीच्या पोलादी पट्ट्यांच्या रेडियल टायरची माहिती देत आहोत.

घडण : फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. या टायरमध्ये सर्वांत आत हवा धरून ठेवणारा रबराचा थर असतो. त्यावर बहुधा पॉलिएस्टर दोऱ्यांचा थर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. काठांतील पोलादी तारांची कडी टायरला रिमवर घट्ट बसवते. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांना तिरपे छेदून बसवलेले असतात. रबर पोलादाला सहजी धरत नाही, म्हणून तारेवर पितळेचा मुलामा देतात. साच्यातील उष्णतेने आणि गंधकाने रबर पक्के होताना ते पितळेला धरते. टायरचा सारा भरवसा या जोडावर असतो.

बिघाड : हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते आणि टायर तापतो. वजन आणि वेग त्यात भर घालतात. पट्ट्यांच्या कडेला बारीक भेग पडते, ती दोन पट्ट्यांमध्ये पसरते आणि शेवटी वरचा पट्टा नक्षीसकट निघून जातो. दुसरा शत्रू पाणी. छिद्रातून पाणी पोलादापर्यंत पोचले की तारा गंजतात आणि जोड सुटतो.

अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला पट्टे सुटण्याच्या तक्रारींमुळे १९७८ साली सुमारे १ कोटी ४५ लाख, तर २००० साली सुमारे ६५ लाख टायर परत घ्यावे लागले. एवढ्या मोठ्या कारखान्याचीही ही गत झाली.

दुकानात काय करावे : टायर रिमवरून उतरवून आतून पाहावा. नुसती बाहेरून स्ट्रिप खुपसली तर आतली इजा दिसत नाही. ६ मिलीमीटरपर्यंतचे, नक्षीच्या भागातील छिद्रच दुरुस्त करावे. छिद्र भरून आतून पॅच लावावा. बाजूला छेद किंवा फुगा असेल तर टायर रद्द समजावा. नक्षी १.६ मिलीमीटरपर्यंत घासली की मोटारीचा टायर बदलावा. घासलेल्या टायरवर तापल्या पात्याने नवी नक्षी कोरू नये. पाते पोलादापर्यंत जाते. जुना टायर घेताना बाजूवरील चार आकडे वाचावेत : ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वयाने रबर कडक होते.

टायर रद्द ठरवला की आजची कमाई जाते, हे आम्हीही जाणतो. परंतु मदीनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पॉलिश मारलेला जुना टायर विकताना हा प्रसंग आठवावा. टायरचा दोष गिऱ्हाइकाला आधी सांगावा, मग भाव सांगावा. बरकत त्यातच आहे.