पहिले भिंग कोणते घ्यावे?

समजा, तुमच्या काकांनी त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा तुम्हांला देऊन टाकला. कॅमेऱ्याबरोबर नेहमी मिळते ते १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग त्याला बसवलेलेच आहे. दोन वर्षे खाऊचे आणि बक्षिसाचे पैसे साठवून तुमच्याजवळ आणखी एक भिंग घेण्यापुरते पैसे जमले आहेत. एकच, दुसरे नाही. शाळेचे स्नेहसंमेलन महिन्यावर आले आहे. तुम्ही दुकानात जाता. दुकानदार भिंगाला ‘लेन्स’ म्हणतो; आपण भिंगच म्हणू. तो कपाटातून दोन भिंगे काढून समोर ठेवतो. एक चांगले वीतभर लांब, ५५ ते २५० मिलिमीटरचे. दुसरे मुठीत मावेल एवढे बुटके. त्यावर ५० मिमी आणि १:१.८ असे आकडे कोरलेले आहेत. ‘‘हे लांबचं घ्या, मागच्या रांगेतून सगळं जवळ दिसेल,’’ असे तो सांगतो. बुटक्या भिंगाने तर काहीच लांब-जवळ होत नाही. मग ते घ्यावे तरी कशाला?

उत्तर देण्याआधी घरातच एक प्रयोग करू. वाचनाचे साधे बहिर्वक्र भिंग घ्या. दिवसा खोलीतला दिवा मालवून, खिडकीसमोरच्या भिंतीवर एक पांढरा कागद लावा. भिंग कागदाजवळ धरून हळूहळू मागेपुढे करा. एका ठिकाणी खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी, रंगीत, लहानशी प्रतिमा कागदावर उमटेल. (या भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका, आणि ते उन्हात ठेवूनही जाऊ नका.) झाड पुरेसे दूर असेल, तर भिंग आणि कागद यांतील अंतर म्हणजेच त्या भिंगाचे नाभीय अंतर. समजा, ते २० सेंटिमीटर भरले. आता १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे दुसरे भिंग मिळाले, तर त्याने पडणारी झाडाची प्रतिमा उंचीने बरोबर निम्मी असेल. नाभीय अंतर जितके जास्त, तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी. दुकानदाराचे म्हणणे या अर्थाने खरेच आहे.

पण प्रयोग अजून संपलेला नाही. पुठ्ठ्याला १ सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडा आणि तो पुठ्ठा भिंगाला चिकटून धरा. प्रतिमा एकदम अंधूक होईल. पण नीट पाहा, ती अधिक रेखीवही झालेली दिसेल. कडांवरची रंगीत झालर कमी झालेली असेल. भिंगाचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर उघड्या भिंगासाठी नाभीय अंतर भागिले व्यास म्हणजे २० भागिले ५, बरोबर ४. पुठ्ठा लावल्यावर २० भागिले १, म्हणजे २०. याच भागाकाराला छायाचित्रकार ‘एफ-आकडा’ म्हणतात आणि एफ/४, एफ/२० असे लिहितात. आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान, हे पहिल्यांदा उलटे वाटते. पण तो भागाकार आहे हे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही. भोकाचा व्यास पाचपट कमी झाला, म्हणून क्षेत्रफळ पंचवीसपट कमी झाले आणि प्रकाशही तितकाच घटला.

आता स्नेहसंमेलनाच्या सभागृहात येऊ. तुमच्या झूम भिंगाचे छिद्र ५५ मिलिमीटरला जास्तीत जास्त एफ/५.६ इतकेच उघडते. दुकानातले लांब भिंगही २५० मिलिमीटरला एफ/५.६ वरच थांबते. बुटके भिंग मात्र एफ/१.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागून त्याचा वर्ग करा: जवळजवळ १० येतो. म्हणजे त्याच रंगमंचावर, त्याच दिव्यांत, बुटके भिंग दसपट प्रकाश आत घेते. समजा, एफ/५.६ ला शटर १/१५ सेकंद उघडे ठेवावे लागते. एखादी मुलगी नाचताना हात सेकंदाला १ मीटर वेगाने फिरवत असेल (हा काही फार मोठा वेग नव्हे), तर तेवढ्यात तिचा हात साडेसहा सेंटिमीटर सरकतो. चित्रात हाताच्या जागी नुसता पट्टा दिसेल. एफ/१.८ ला शटर सुमारे १/१५० सेकंद पुरते आणि हात सातएक मिलिमीटरच सरकतो. पुष्कळ झूम भिंगांत कंप रोखण्याची सोय असते, ती कामाची आहेच; पण ती तुमच्या हाताचा कंप रोखते, नाचणारीला थांबवत नाही!

छिद्र इतके उघडे ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. तीन मीटरवरच्या मुलीवर नेम धरून ५० मिलिमीटर भिंगाने एफ/१.८ ला चित्र घेतले, तर तुमच्यासारख्या कॅमेऱ्यात पुढे-मागे मिळून जेमतेम पाव मीटर खोलीचा भाग रेखीव येतो. लेझीम खेळणाऱ्या मुलींची एक रांग स्पष्ट येईल, मागची धूसर होईल. एकट्याच्या चित्राला हे शोभून दिसते, समूहाच्या चित्राला मारक ठरते.

‘मग लांबही दिसेल आणि प्रकाशही भरपूर येईल असे भिंग का नाही करत?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. करतात की! पण हिशेब करून पाहा. २५० मिलिमीटरला एफ/१.८ हवे, तर छिद्राचा व्यास २५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ १४ सेंटिमीटर हवा. तेवढ्या रुंदीची काच म्हणजे दुधाच्या पातेल्यावरचे झाकणच झाले. ५० मिलिमीटरच्या भिंगाची प्रत्येक बाजू पाचपट केली, तर काच पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५ पट लागेल. शिवाय एवढी मोठी काच निर्दोष ओतणे आणि प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतक्या अचूकतेने घासणे फार अवघड. क्रिकेटच्या मैदानाकडेला छायाचित्रकारांजवळ दिसणाऱ्या त्या तोफांची किंमत मोटारसायकलीहून जास्त का असते, ते यावरून कळेल.

याउलट ५० मिलिमीटरचे भिंग स्वस्त का, यामागची गोष्ट मला अधिक मनोरंजक वाटते. तुमच्या प्रयोगातली रंगीत झालर आठवते ना? एकाच काचेच्या भिंगात असे अनेक दोष असतात. १८९६ साली जर्मनीत त्साइस या कारखान्यातील पॉल रुडॉल्फ यांनी सहा भिंगांची एक रचना केली. मध्ये छिद्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकसारखी तीन-तीन भिंगे. अलीकडची तीन जी चूक करतात, तिच्यातली बरीचशी पलीकडची तीन उलटी करून भरून काढतात. आजची अनेक ५० मिलिमीटर भिंगे याच रचनेच्या वंशातली आहेत. शंभर वर्षांहून जास्त काळ घासूनपुसून नेमकी झालेली ही रचना लाखोंच्या संख्येने बनते. दुसरे कारण असे, की आरसा असलेल्या कॅमेऱ्यात तो वरखाली व्हावा म्हणून भिंग सेन्सरपासून दूर बसवावे लागते. बसवण्याच्या कड्यापासून सेन्सर ४४ ते ४६ मिलिमीटरवर असतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला ही जागा सहज जमते. २० किंवा २४ मिलिमीटरच्या भिंगाची प्रतिमा मात्र आरशाच्या जागेतच पडू पाहते. ती मागे ढकलण्यासाठी पुढे जास्तीची भिंगे घालावी लागतात आणि किंमत वाढते.

तेव्हा माझे मत बुटक्या भिंगाच्या बाजूने आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तर आपले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या भिंगावर केले. परंतु इथे एक खाच आहे. त्यांच्या कॅमेऱ्यातली फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद होती. तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर बहुधा २२ ते २४ मिलिमीटरच रुंद असेल. भिंग तेच, पण चौकट लहान, म्हणून दृश्याचा मधलाच भाग पकडला जातो. ३६ मिलिमीटरच्या चौकटीत ५० मिलिमीटरचे भिंग आडवा सुमारे ४० अंशांचा देखावा घेते. लहान सेन्सरवर तेच २५-२७ अंशांवर येते. रंगमंचासाठी आणि चेहऱ्यांसाठी हे सोयीचेच. घरातल्या बारशासाठी मात्र पाठ भिंतीला टेकेल. तिथे ३५ मिलिमीटर बरे. दोहोंतले तुमचे कोणते, हे पैसे न खर्चता कळू शकते. तुमच्या झूमचे कडे ३५ वर आणून त्यावर चिकटपट्टी लावा आणि एक आठवडा तसेच वापरा. पुढचा आठवडा ५० वर. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर नाभीय अंतराची नोंद ठेवत असतो. जुनी शंभर चित्रे काढून ती नोंदही मोजा. त्यातली बहुतेक झाडावरच्या पक्ष्यांची, ५५ वर ओढून घेतलेली निघाली, तर मात्र माझे ऐकू नका. लांब भिंगच घ्या. पक्षी दिवसाच्या उजेडात टिपायचे असतात, तिथे एफ/५.६ चालून जाते.

चंद्रासाठी लांब भिंग घेणार असाल, तर आधी गणित करा. चंद्राच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे ११० व्या भागाइतका असतो. २५० मिलिमीटरला तो सव्वादोन मिलिमीटर येतो, म्हणजे तुमच्या सेन्सरच्या उंचीचा फक्त सातवा हिस्सा.

हे गणित मी स्वतः केले नव्हते. विद्यार्थी असताना चंद्राच्याच मोहाने एक जुने २०० मिलिमीटरचे भिंग घेतले. बाहेरून ते नव्यासारखे होते. चित्रे मात्र धुक्यातून काढल्यासारखी येत. एका रात्री त्यातून बॅटरीचा झोत टाकला, तेव्हा आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे धागे दिसले. ती बुरशी होती. आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या, पावसाळी दमट हवेत ती भिंगांत वाढते आणि काचेवरचा लेप खाते. जुने भिंग घ्यायला हरकत नाही, पण झोत टाकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही; आतली बुरशी आणि धूसरपणा दिसतो. छिद्राच्या पात्या तेलकट नाहीत ना आणि झटकन मिटतात ना, तेही पाहा. शिवाय ते तुमच्या कॅमेऱ्यावर बसते का, हे दुकानातच बसवून बघा. काही जुनी भिंगे बसतात, पण भिंगात मोटार नसते आणि कॅमेऱ्यातही नसते. मग नेम हाताने जुळवावा लागतो. काकांचा कॅमेरा आरसा नसलेला निघाला, तर तुम्ही भाग्यवान! त्यात भिंग आणि सेन्सर यांतली जागा थोडी लागते, म्हणून उरलेले अंतर भरून काढणारे पोकळ कडे लावून फिल्मच्या काळातली कितीतरी भिंगे त्यावर चालतात.

पोकळ कड्यांवरून आठवले. बुटक्या भिंगाबरोबर थोडे पैसे उरले, तर भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये घालायची कडी घ्या. त्यांत काचच नसते, म्हणून ती स्वस्त. भिंग पुढे सरकले, की जवळच्या वस्तूची मोठी प्रतिमा मिळते. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे २५ मिलिमीटरचे कडे घातले, तर २५ भागिले ५०, म्हणजे वस्तूच्या निम्मी प्रतिमा सेन्सरवर पडते; एक सेंटिमीटरचा मुंगळा तिथे अर्धा सेंटिमीटर होतो. हेच कडे २५० मिलिमीटरच्या भिंगामागे घातले, तर वाढ एक दशांशच. विजेचे संपर्कबिंदू असलेले कडे थोडे महाग, पण तेच घ्या. नाहीतर बहुतेक नव्या भिंगांचे छिद्र कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. मुंगळा मात्र भिंगापासून जेमतेम १५ सेंटिमीटरवर असावा लागतो, तेव्हा तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूला बसा.