जुन्या-नव्या संगणकांचा अबोला

(द्वितीय वर्ष, कला)

मोडी लिपीतील जुना दस्तऐवज हाती आला म्हणजे आपली जी अवस्था होते, तीच नव्या संगणकाची जुन्या संगणकासमोर होते. मजकूर मराठीच असतो; परंतु वाचता येत नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात दोन वर्षांपूर्वी हाच प्रसंग आला. ग्रंथांची सारी यादी विंडोज एक्सपीच्या संगणकावर होती. शेजारी विंडोज १०चा त्यामानाने नवा संगणक आला. दोन्ही एकाच जाळ्यात जोडले, पण यादी इकडून तिकडे येईना. जुन्याची पेन ड्राइव्हची खाच तर केव्हाच निकामी झालेली. अखेर यादी हाताने उतरवून काढण्याचे ठरत होते.

असे का व्हावे? फाइलींची देवघेव ज्या नियमांनी होते त्यांस एसएमबी म्हणतात. बॅरी फायगेनबाम यांनी ते १९८३ साली आयबीएममध्ये सिद्ध केले. २००१ साली आलेल्या एक्सपीला त्यांची पहिलीच आवृत्ती कळते. पुढे व्हिस्टाबरोबर दुसरी व २०१२ साली विंडोज ८बरोबर तिसरी आवृत्ती आली.

नव्याने जुनी बोली सोडली, ती केवळ तोऱ्याने नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नामक उपद्रवी प्रोग्राम पहिल्या आवृत्तीच्या हाताळणीतील दोषातून शिरला व जगभर पसरला. इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती न बसविणारे सापडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसविलेल्या विंडोज १०मध्ये ही आवृत्ती मुळातच नसते.

तेव्हा दोष शोधताना क्रम पाळावा. प्रथम ‘पिंग’ ही आज्ञा द्यावी. उत्तर आले तर तार शाबूत आहे. मग संगणकाचे नाव न लिहिता त्याचा आयपी क्रमांक लिहून पाहावा. तेवढ्याने काम झाले तर अडचण नावापुरतीच होती. ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश आला तर बोली जुळली आहे, परवानगी व पासवर्ड तपासावा. पहिली आवृत्ती असुरक्षित असल्याचा संदेश आला, तर मात्र प्रश्न बोलीचाच समजावा.

आम्ही अखेर हेच केले. प्रथम इंटरनेटची तार काढली. ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन नव्या संगणकावर पहिल्या आवृत्तीचा केवळ ‘क्लायंट’ भाग चालू केला. ‘सर्व्हर’ भागास हात लावला नाही. म्हणजे नव्याने जुन्याकडून आणावे, जुन्या बोलीत कोणास आत घेऊ नये. यादी आली. लगेच तो भाग बंद केला, आणि मगच तार पुन्हा जोडली.

जुने दार उघडण्यात पाप नाही. ते उघडे विसरणे मात्र घातक. आणि त्याहून महत्त्वाचे हे, की वाचनालयाची यादी एकाच यंत्राच्या भरवशावर ठेवू नये. जे जपावयाचे, त्याची प्रत यंत्र चालते आहे तोवरच काढून ठेवावी.