कुंपणालगतचे झाड कोणते?

बालमित्रांनो, शाळेच्या कुंपणालगत, हातपंपाच्या पलीकडे जे झाड आहे त्याचे नाव विचारले तर निम्मा वर्ग ‘करंज’ म्हणतो. माघात ते गुलाबी फुलांनी भरले, तेव्हा येणारेजाणारेही करंजच म्हणत होते. करंजाच्या काडीने दात घासायची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणून हे झाड खरेच करंज आहे का, याचा छडा लावणे जरुरीचे होते.

नुसत्या फुलावरून निकाल लागत नाही. दोन्ही झाडे वाटाण्याच्या कुळातली. एक मोठी पाकळी मागे उभी, दोन बाजूंना, आणि खालच्या दोन जुळून होडीसारख्या. मात्र करंज फुलतो तो चैत्र-वैशाखाच्या सुमारास, झाडावर पालवी असताना. आपले झाड फुलले तेव्हा फांद्यांवर एक पान नव्हते, नुसते तुरेच तुरे!

मग गुरुजींच्या मोबाईलवर फोटो काढले. आकाशाकडे रोखून काढला तर फूल काळपट येते. मागे पाटी धरली की गुलाबी रंग आणि उभ्या पाकळीच्या तळाचा पिवळसर ठिपका स्वच्छ उमटतो. शेजारी मोजपट्टी धरावी, नाहीतर फूल केवढे ते फोटोवरून कळायचे नाही. अख्खे झाड, साल, तुरा आणि एक फूल समोरून व बाजूने, एवढे तरी घ्यावेच. पाने आणि शेंगा यायची मात्र वाट पाहावी लागली.

पाने आली आणि बरेचसे उलगडले. करंजाच्या एका पानाला चकचकीत पर्णिका बहुधा पाच ते सात. इथे मोजल्या तर तेरा, कुठे पंधरा. करंजाची शेंग जाड, आत बी बहुतेक एकच. ही शेंग बोटापेक्षा लांब, आत सात-आठ चपट्या बिया. वाळली की फटकन तडकते आणि दोन्ही फाका पिळवटतात.

तेव्हा हा करंज नव्हे, हे गिरिपुष्प! शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया सेपियम. मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. लॅटिनमध्ये पहिल्या शब्दाचा अर्थ उंदीर मारणारे, दुसऱ्याचा कुंपणाचे. आपल्याकडेही त्याला उंदीरमारी म्हणतातच. तिकडे याची साल व बिया धान्यात मिसळून उंदरांना घालत. म्हणून याची काडी दाताला लावू नका. लहान मुले खाली पडलेल्या बिया खेळायला वेचतात. त्या तोंडात जाऊ देऊ नका.

पालकांनी मात्र ‘विषारी आहे, तोडा’ असे म्हणू नये. याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात आणि पाला शेतात गाडला की उत्तम खत होते. बांधावर लावायचे तर रोपही नको, पावसाच्या तोंडी मनगटाएवढी फांदी रोवली तरी फुटते.