अभ्रकाचा पापुद्रा : विद्युतरोधी पदार्थांचे विज्ञान आणि अर्थकारण

कोडरमा, गिरिडीह व हजारीबाग या पट्ट्यातील अभ्रक विसाव्या शतकात जागतिक बाजारपेठेत ‘बंगाल रुबी’ या नावाने ओळखले जाई. खाणी तत्कालीन बिहारमधील, म्हणजे आजच्या झारखंडमधील. नाव मात्र बंगालचे. कारण व्यापार आणि जहाजभरणी कोलकात्याहून होत असे. विकासाच्या अर्थशास्त्रात खनिज कोठे सापडते यापेक्षा त्याचे मूल्य कोठे वाढते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. अभ्रकाच्या नावातच त्याचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

मस्कोव्हाइट अभ्रक हे पोटॅशियम व ॲल्युमिनियमचे सिलिकेट होय. त्याचे थर पोटॅशियमच्या आयनांनी सैलसर जोडलेले असल्याने साध्या सुरीनेही त्याचे पारदर्शक पापुद्रे सुटे करता येतात. अभ्रक विद्युतप्रवाह वाहू देत नाही. परंतु विद्युतक्षेत्रात ठेवल्यास त्यातील धन व ऋण प्रभार किंचित सरकतात. अशा पदार्थास विद्युत अपारक किंवा डायइलेक्ट्रिक म्हणतात. दोन धातुपट्ट्यांमध्ये तो ठेवला की धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, तयार होतो. धारित्राची क्षमता पट्ट्यांच्या क्षेत्रफळाच्या व अपारक स्थिरांकाच्या समप्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते, हे सूत्र विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. अभ्रकाचा स्थिरांक सुमारे ६ ते ७, म्हणजे मध्यमच. त्याचे खरे सामर्थ्य अन्यत्र आहे : अतिशय पातळ थरही उच्च विद्युतदाब सोसतो, सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो आणि ऊर्जेचा अपव्यय अत्यल्प करतो.

दुसऱ्या महायुद्धात रेडिओ व विमानांच्या इंजिनांसाठी अभ्रक युद्धसामग्री ठरले. नेमका हाच तुटवडा पुढे भारताला महाग पडला. पर्यायाच्या शोधात अमेरिका, सोव्हिएत संघ व जपान येथील संशोधकांना १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात बेरियम टायटॅनेट गवसले. त्याचा स्थिरांक हजाराच्या वर! तापमानासरशी तो बदलतो हा दोष खरा, पण स्वस्त व लहान धारित्रांसाठी तो चालून गेला. दुर्मीळ वस्तूची मक्तेदारी हीच पर्यायी वस्तूच्या संशोधनाची प्रेरणा ठरते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

पापुद्रे सोडविण्याचे काम घरोघरी, मुख्यतः स्त्रिया व मुले करीत. मागणी घटली तेव्हा फटका प्रथम त्यांनाच बसला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर अनेक खाणी बंद पडल्या आणि टाकून दिलेल्या ढिगाऱ्यांतून अभ्रक वेचणे हेच कित्येक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन झाले; बालमजुरीचा प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे. जादवपूर येथे १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेने टाकाऊ अभ्रकापासून उष्णतारोधक विटा बनविण्याची पद्धत विकसित केली होती. अशा प्रयत्नांना उद्योगांची पुरेशी जोड मिळाली असती, तर खाणपट्ट्याचे चित्र कदाचित वेगळे दिसले असते.

कोलकात्याचा अर्धसंवाहकांशी संबंध याहूनही जुना आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलेना स्फटिकाच्या शोधकाला १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यावर भारतात उद्योग मात्र उभा राहिला नाही.

आज पापुद्र्याचे तत्त्व नव्या रूपात परतले आहे. १२ नॅनोमीटर नव्हे, तर सुमारे १.२ नॅनोमीटर इतका पातळ झालेला सिलिकॉन डायऑक्साइडचा थर प्रवाह गळू देऊ लागला, तेव्हा २००७ पासून चिपमध्ये हाफ्नियमयुक्त, अधिक स्थिरांकाचे अपारक आले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा अभ्रकासारखाच थरांचा, पण अर्धसंवाहक पदार्थ. त्याच्या जाड स्फटिकाची ऊर्जा-फट सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर एकेरी थराची सुमारे १.८ असते, जाडी बदलली की गुणधर्म बदलतात.

२०१५ मध्ये अभ्रक गौण खनिज ठरविण्यात आले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने ते पुन्हा प्रमुख खनिजांत समाविष्ट केले. कारण अभ्रक ज्या पेग्मटाइट खडकात आढळते, त्यात लिथियम, नायोबियम व टँटलम हीही असू शकतात. आणि टँटलमचा ऑक्साइड हाच आधुनिक लघु धारित्रांतील एक महत्त्वाचा अपारक आहे.