परक्याचा धूर आणि वाढता मेंदू

श्वासाबरोबर आत गेलेला वायू देहाचे काय करतो, याचा कसोशीने शोध एके काळी आपल्या अफझलगंजात घेतला गेला, हे सभासदांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८८८ व १८८९ साली डॉ. एडवर्ड लॉरी यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने येथे क्लोरोफॉर्मचे प्रयोग केले. क्लोरोफॉर्मचा हृदयाला थेट धोका नाही, हा त्यांचा निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही. ते जुने रुग्णालय १९०८ च्या मुसीच्या महापुरात उद्ध्वस्त झाले, आणि पुढे नदीकाठी उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. आम्ही वैद्य नव्हे. तथापि त्याच परिसरात राहून विडी-सिगारेटच्या धुराविषयी जे वाचले, ते येथे मांडतो.

खोलीत कोंदणारा बहुतेक धूर ओढणाऱ्याच्या तोंडातून येत नाही. तो दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून उठतो. तेथील ज्वलन मंद असल्याने तो अधिक विषारी असतो, असे तज्ज्ञ सांगतात. त्यातील निकोटीन शेजारी बसलेल्याच्या फुप्फुसातून रक्तात व रक्तातून मेंदूत जाते. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बंद मोटारीत धूम्रपान करणाऱ्याजवळ तासभर बसलेल्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. निकोटीन ज्यांना चिकटते, अशी मेंदूतील सुमारे १९ टक्के ग्रहणस्थाने व्यापलेली आढळली. त्यांत सिगारेट न ओढणारेही होते!

ही मंडळी प्रौढ होती. किशोरवयातील मेंदूचे बांधकाम तर अजून चालू असते. विचार करून पाऊल उचलावयास शिकविणारा त्याचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास पुरा होतो. अनावश्यक जोडण्या गळून पडतात व उपयोगाच्या बळकट होतात. या कामी मेंदू स्वतःचे जे रसायन वापरतो, त्याच्याच कुलुपात निकोटीनची किल्ली बसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६ ते १६ वर्षांच्या ४,३९९ मुलांच्या रक्तातील कोटिनीन, म्हणजे निकोटीनचा अवशेष, मोजण्यात आला. ज्यांच्यात तो अधिक, त्यांचे वाचन व गणित कच्चे आढळले. अल्प प्रमाणातही हा फरक दिसला. घरची मिळकत वगैरे हिशेबात धरूनही तो उरला. एवढ्यावरून धूर हेच कारण सिद्ध झाले असे नव्हे. म्हणूनच ‘परिणाम होऊ शकतो’ असे आम्ही म्हणतो. पण मुलांच्या बाबतीत पूर्ण पुराव्याची वाट पाहात बसणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी कडक झाली. तिची सत्ता घराच्या उंबरठ्याशी संपते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच परक्याचा धूर सोसावा लागत असल्याचे आढळले. आपल्याकडे खाली दुकान व वर बिऱ्हाड. गिऱ्हाइकाचा धूर जिन्याने वर चढतो आणि दहावीचा मुलगा वर पुस्तक उघडून बसलेला असतो. खिडकी उघडली किंवा पंखा लावला, तरी धूर पुरता जात नाही. चारमिनार सिगारेट ह्याच शहरातली. आजोबा-काकांपुढे ती विझवा म्हणणे मुलाला उद्धटपणाचे वाटते, आणि तो गप्प बसतो. म्हणून हे बोलणे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी आपल्याकडे घ्यावे, आणि दुकानदारांनी गिऱ्हाइकास रस्त्यावर ओढावयास सांगावे.

उदबत्तीत निकोटीन नसते, पण तिच्या धुरातही सूक्ष्म कण असतात. अभ्यासाच्या बंद खोलीत तीही लावू नये, हे देवळात वाढलेले आम्हीच सांगतो. सिगारेट मात्र गॅलरीतही नको. बाहेरून ओढून आल्यावर अंगातला सदरा बदलावा, कारण निकोटीन कापडाला धरून राहते.