पेरूचा किनारा, दोन सायकली आणि समोरचा वारा

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने पॅन-अमेरिकन महामार्ग जातो. तंबू, स्टोव्ह, भांडी आणि पांघरुणे सायकलला लटकावून कित्येक प्रवासी या रस्त्याने महिनोन्‌महिने हिंडतात. त्यांत पति-पत्नीच्या जोड्याही असतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेल्या अशाच एका जोडप्याबरोबर आपण मनाने जाऊ या. उजव्या हाताला पॅसिफिक महासागर, डाव्या हाताला वाळू आणि दूरवर अँडीज पर्वत.

उत्तर पेरूत पिउरा व चिक्लायो या शहरांच्या दरम्यान सेचुराचे वाळवंट लागते. अंतर सुमारे २०० किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट, वस्ती अगदी तुरळक. निघताना पाणी किती घ्यावे? कमी घेतले तर जिवावर बेतेल. जास्त घेतले तर ओझे वाढेल. याचे उत्तर आकडेमोडीने काढता येते.

दिवसभर न थकता पायटे मारणारा स्वार साधारण १०० वॅट शक्ती देऊ शकतो. स्वार, सायकल व सामान मिळून ११० किलोग्रॅम धरू. चाकांना रस्त्याचा रोध सुमारे ६·५ न्यूटन होतो. हवेचा रोध मात्र हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या, पिशव्या लादलेल्या स्वाराला तो अंदाजे ०·३ × (वेग)² न्यूटन असतो. वेग मीटर दर सेकंद या एककात घ्यावा.

येथे विद्यार्थी हमखास अडखळतात. रोध काढताना हवेच्या सापेक्ष वेग घ्यायचा, पण शक्ती काढताना त्या रोधाला जमिनीवरच्या वेगाने गुणायचे. वारा पडलेला असेल तर १०० वॅटमध्ये वेग येतो ५·९ मी./से., म्हणजे ताशी २१ कि.मी. समोरून ५ मी./से. वारा असेल तर वेग उतरतो ३·५ मी./से. वर, म्हणजे ताशी साडेबारा कि.मी. तोच वारा पाठीमागून आला तर ताशी ३२ कि.मी. म्हणजे सेचुरा ओलांडायला समोरच्या वाऱ्यात १६ तास, पाठीच्या वाऱ्यात सहा तासांहून थोडे अधिक. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरले, तर पहिल्या प्रवासात माणशी सुमारे १० लिटर लागेल, दुसऱ्यात चार. शिवाय १६ तास एका दिवसात होत नाहीत. मुक्काम पडणार, रात्रीच्या स्वयंपाकाचे पाणी वेगळे.

आता गंमत पाहा. जादा १० किलो पाण्यामुळे सपाट रस्त्यावर रोध वाढतो अवघा ०·६ न्यूटन. हवेचा रोध त्या वेळी २२ न्यूटनच्या घरात असतो! सपाटीवर ओझे स्वस्त आणि वारा महाग. तेव्हा पाणी खुशाल भरून घ्यावे. घाट चढायचा असता तर हा हिशेब उलटला असता.

दोघे असण्याचा फायदा येथेच आहे. पुढची सायकल हवा फाडते, तिच्या आडोशाला मागच्या स्वाराचा वायुरोध साधारण पाव हिश्शाने कमी होतो. वरच्या वेगाला त्याला १०० ऐवजी ८० वॅट पुरतात. एरवी ताशी साडेबारा कि.मी. वेगाने जाताना आडोशाला फारसा अर्थ नसतो. पण समोरच्या वाऱ्यात हवा अंगावर येते ती ताशी ३० कि.मी. वेगाने. दोघांनी आळीपाळीने पुढे व्हावे हे उत्तम. तरीही दोघांपैकी अंगाने लहान असेल त्याने मागे अधिक वेळ राहावे, आणि यात सौजन्यापेक्षा भूमिती अधिक आहे. शरीर लहान झाले की वजन लांबीच्या घनाने घटते, पण वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ वर्गानेच घटते. म्हणून लहान चणीच्या स्वाराला स्नायूंच्या मानाने वारा जास्त सोसावा लागतो.

पण वारा नेमका दक्षिणेकडूनच का येतो? दक्षिण पॅसिफिकवर जास्त दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. दक्षिण गोलार्धात अशा प्रदेशाभोवती वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात. त्याच्या पूर्वेच्या कडेला, म्हणजे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर, ते दक्षिणेकडून विषुववृत्ताकडे वाहतात. अँडीजची भिंत त्यांना किनाऱ्याला समांतर ठेवते. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे समुद्राचे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. अलेक्झांडर फोन हंबोल्टने १८०२ साली येथील पाण्याचे तापमान मोजले. इथल्या शीत प्रवाहाला त्याचेच नाव आहे.

थंड पाण्यालगतची हवा थंड, तिच्यावरची उबदार. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. जड हवा खालीच राहते, वर चढत नाही, म्हणून पाऊस नाही. धुके मात्र दाट पडते. चिलीतील आरिका आणि आपली मुंबई विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, दोन्हींच्या पश्चिमेस समुद्र. मुंबईत वर्षाला २०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस. आरिकात सरासरी एक मिलिमीटरही नाही. १९०३ ते १९१८ या काळात तेथे १४ वर्षांहून अधिक काळ पाऊसच पडला नाही. सायकलस्वाराचा सदरा धुक्याने ओला होतो, पण प्यायला थेंब मिळत नाही. (चिलीतील चुंगुंगो गावाने १९९० च्या दशकात डोंगरावर जाळ्या उभारून धुक्याचे पाणी नळाने आणले होते.)

एल निनोच्या वर्षी चित्र पालटते. समुद्र तापतो, पाऊस कोसळतो. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सेचुराच्या वाळवंटात चक्क मोठे सरोवर साचले.

दुपारी वाळू तापली की समुद्रावरून येणारे वारेही त्यात भर घालतात. पहाटे हवा बरीच शांत असते. म्हणून जाणते प्रवासी अंधारातच तंबू गुंडाळतात आणि दुपारपर्यंत मजल संपवतात.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. समोरचा वारा १० मी./से. झाला, तर १०० वॅटमध्ये वेग किती राहील? सूत्रात निरनिराळे वेग घालून पाहा. (उत्तर: सुमारे २ मी./से., म्हणजे ताशी सात कि.मी. एवढ्या वेगाने भरभर चालणारा माणूसही जातो.)